तुळईला कान लावणारी काकी

आमच्या चिखल्याच्या काकीला डाव्या कानानं ऐकू येत नसे. उजवा कान शाबूत होता, पण तो तिनं माणसांसाठी फारसा वापरला नाही. तो स्वयंपाकघरावरच्या तुळईसाठी राखून ठेवलेला होता. सकाळचा चहा झाला की बाई स्टुलावर चढायची, तुळईला कान लावायची, बोटाच्या पेरानं दोन-चार ठिकाणी ठोकायची आणि खाली उतरून सांगायची, "काही नाही. बरी आहे." घरात कुणी आजारी असल्यासारखं. आम्ही हाका मारून दमलो तरी तिचं लक्ष नसायचं. म्हणायची, "तुम्ही काय, परत सांगाल."

ती तुळई म्हणजे काकांची होडी. होडी जुनी होऊन मोडीत निघाली तेव्हा काकांनी तिचं सगळ्यांत चांगलं लाकूड घरी आणून छताला लावलं. पुढे काका गेले, लाकूड राहिलं. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्याआधी होड्या वर ओढतात आणि कुजू नयेत म्हणून त्यांना मुशी माशाचं तेल चोपडतात. त्याच दिवसांत काकी वाटी आणि फडकं घेऊन तुळईला तेल चोपडायची. घरात उभं राहवत नसे इतका वास. तिची सून त्या दिवसांत हमखास माहेरी जायची. मी एकदा म्हटलं, "काकी, ही काय आता पाण्यात जाणार आहे?" तर म्हणाली, "त्यांचं काम आहे, राहायला नको."

एका वर्षी पाऊस सरल्यावर माळ्यावरच्या विकायच्या सुकट-बोंबलांच्या टोपल्यांत भुसा पडू लागला. दिनेश, म्हणजे तिचा मुलगा, म्हणाला वाळवी. त्यानं तलासरीहून औषध फवारणारा माणूस बोलावला. त्या भल्या माणसानं भुसा हातावर घेऊन फुंकला, त्यात मुंगळ्यांचे पाय आणि पंख निघाले. "वाळवी नाय, काकी. वाळवी मातीचे रस्ते बांधते. हे मुंगळे. लाकूड खात नाहीत, ओलं लाकूड पोखरून आत राहतात आणि भुसा बाहेर टाकतात. टेन्शन नका घेऊ, सगळं घर फवारू, फिनिश."

"आणि माझी सुकट?" काकीनं विचारलं. "लोक खातात ती. बाजारात कुठल्या तोंडानं बसू?"

माणूस समजूतदार होता. म्हणाला, मग वारूळ नेमकं कुठं आहे ते शोधा, संध्याकाळी काहीतरी खायला ठेवा आणि रांगेच्या मागे जा. दिनेशला तेवढा धीर नव्हता. त्याच्या घरात पोरं झोपत होती, त्याचंही चुकलं म्हणता येणार नाही. तो म्हणाला, "काढून टाकू हे लाकूड. लोखंडी गर्डर बसवू." काकी शांतपणे म्हणाली, "आधी मला काढ, मग गर्डर बसव." शेवटी दिवाळीपर्यंत वारूळ सापडलं नाही तर गर्डर, असं ठरलं.

दिवाळीआधीच्या सुट्टीत मी तिथंच होते. दिवे लागायच्या वेळी काकीनं ओट्यावर दोन पानं मांडली. एकावर गूळ. दुसऱ्यावर, मासळीवालीचंच डोकं ते, मुशीच्या तेलात भिजवून तांदळाच्या पिठात घोळवलेला जवळा, म्हणजे नेणारा लांबून दिसावा. मुंगळे आले, गुळाकडे ढुंकूनही न बघता तेलाच्या पानावर तुटून पडले. पांढरे ठिपके भिंतीवर चढले, तुळईवरून सरकत थेट तिच्या भिंतीतल्या टोकाशी गेले. तिथलं कौल सरकलं होतं आणि पाणी मुरलं होतं. काकीनं स्टूल ओढलं, कान लावला. मग खाली उतरून तिथंच जमिनीवर बसली.

"लाकूड ओलं पावसानं केलं," ती म्हणाली. "पण मुंगळ्यांना बोलावलं मी गं. इतकी वर्षं मीच जेवायला घालत होते."

मी तिच्याशेजारी बसून तिचा हात धरला. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुकट शेजारच्या घरी हलवली. होड्यांची डागडुजी करणाऱ्या सुतारानं तुळईचं कुजकं टोक कापलं तसे काळे मुंगळे पांढरी अंडी तोंडात धरून सैरावैरा पळाले. आतल्या पोकळीत मागे राहिलेल्यांसाठी विषाचं आमिष ठेवायचं होतं. काकीनं बाटलीतलं उरलेलं सगळं तेल वाटीत ओतलं, त्यात बॉरिक पावडर स्वतःच्या हातानं कालवली आणि वाटी सुताराकडे दिली. ती रिकामी बाटली तिनं बराच वेळ धुतली. मुंगळे संपले, कौल बसलं, होडीच्या फळीला देतात तसा सांधा देऊन सुतारानं नवं टोक जोडलं. गर्डरचं नाव परत निघालं नाही.

पुढच्या वर्षी होड्या वर आल्या तेव्हा काकी नेहमीसारखी स्टुलावर चढली. हातात फक्त फडकं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं तुळई कोरडीच पुसली. मी बघत्येय हे पाहून म्हणाली, "तेल नको तर नको. हात तरी लागू दे."

काकी गेल्या हिवाळ्यात गेली. पावसाच्या आधी मी चिखल्याला गेले तेव्हा किनाऱ्यावर होड्या ओढलेल्या होत्या आणि हवेत तेलाचा तोच वास होता. घरात शिरले तर स्टुलावर दिनेश. खांद्यावर कोरडं फडकं, कान तुळईला.

"काय रे?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "बरी आहे."

पण तो लवकर खाली उतरला नाही.