माक-सूनचा उजवा हात

माक-सून आमच्या शेजारची. वयाने माझ्याहून लहान, पण चालताना माझी थोरली बहीण वाटते. आमच्या हाप्छन गावाबाहेर सिनेमावाल्यांनी चित्रीकरणासाठी जुनं शहर उभं केलं, तेव्हापासून ती तिथे गर्दीत उभी राहायला जायची. कधी भाजीवाली, कधी निर्वासित, कधी राजवाड्यातली मोलकरीण. पडद्यावर नेहमी तिची पाठच दिसायची.

घरी तिचा नवरा, प्यो ग्वांग-इल. आयुष्यभर त्याने बस चालवली. मग एका सकाळी त्याची डावी बाजू लुळी पडली, आणि तेव्हापासून त्याला कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं सगळं माक-सूनकडे आलं. जीभ मात्र शाबूत राहिली.

"बाकी सगळं गेलं आणि जीभ तेवढी राहिली," माक-सून म्हणायची. "माझं नशीब, दुसरं काय."

त्या हिवाळ्यात जपानी अंमलातल्या कोरियाच्या राजघराण्यावर सिनेमा चालला होता. राज्य गेलेला, पहाऱ्यात म्हातारा झालेला राजा मरतो आणि लोक राजवाड्याच्या दारासमोर बसून आक्रोश करतात, असा एक प्रसंग त्यात होता. त्या गर्दीतून राजाची जुनी दासी पुढे येते, एकावर एक ठेवलेले हात कपाळाशी नेते आणि वाकून हंबरडा फोडते. त्या दासीसाठी दिग्दर्शकाने माक-सूनला निवडलं. तिचा चेहरा सगळा पडदा भरून दिसणार होता.

"आता तरी लोकांना कळेल, मला तोंड आहे म्हणून," ती मला म्हणाली. इतक्या दिवसांत तिला असं खुललेलं मी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे बाई नमस्कार करते तेव्हा उजवा हात डाव्यावर ठेवते. मरणाच्या घरी तेवढं उलटं, डावा हात वर. हे कोणी शिकवत नाही. लहानपणी एकदा आजीची चापट बसते, मग जन्मभर हात चुकत नाहीत. जित्या माणसापुढे डावा हात वर ठेवणं म्हणजे त्याचं मरण मागणं.

आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे सोयाबीनची आमटी घेऊन गेले, तर ग्वांग-इल हनुवटीपर्यंत रजई ओढून डोळे मिटून पडलेला.

"ये, मी मेलो," तो म्हणाला. "कर सराव. फुकटात राजा मिळालाय तुला."

"गप्प बसा हो."

"बाई, तुम्हीच सांगा. माझ्यासारखा न हलणारा राजा हिला कुठे मिळणार?"

मला हसू आलं. माक-सूनने हात एकावर एक ठेवले, अर्ध्यापर्यंत उचलले, त्याच्याकडे पाहिलं आणि खाली घेतले.

"भात करपेल," असं म्हणून ती आत गेली. भात विजेच्या कुकरमध्ये होता.

गावात म्हाताऱ्या कमी पडल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी मीही गर्दीत होते. अंगात तागाचे जाडेभरडे सुतकी कपडे, खाली गवताची चटई, आणि गारठा असा की रडणं आपोआप येत होतं. जपानी अधिकारी झालेला नूडलवाला छू, तलवार सांभाळत, आम्हा बायकांना गरम पाणी वाटत होता.

माक-सून पुढे झाली. हात कपाळाशी गेले. उजवा वर.

"मावशी, हात उलटे झाले," सहायक दिग्दर्शक म्हणाला. "राजा गेलाय ना? डावा वर."

"हो, चुकलंच."

पुन्हा केलं, पुन्हा उजवाच वर.

"माक-सून, उरका की," छू मागून म्हणाला. "तुम्हाला बुटाने ढकलल्याशिवाय मला सुट्टी नाही, आणि दुकानात पीठ मळून पडलंय."

सगळे हसले. तीही हसली. तिसऱ्यांदा हात कपाळापर्यंत गेलेच नाहीत.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "अगं, सिनेमा आहे हा."

"कळतं हो बाई. पण निघताना ते म्हणाले, लवकर ये. आता मी इथे हात असे केले आणि तिकडे..."

मग गुडघ्यावर हात देऊन ती उठली आणि सहायकाला म्हणाली, "दुसरी कोणी घ्या, साहेब. माझ्याने नाही होत."

तो रागावला नाही. तोही पहाटेपासून उभा होता. बाजारातली मुळेवाली पुढे आली, तिने पहिल्याच फटक्यात काम केलं, आणि माक-सून मागच्या रांगेत जाऊन बसली.

परतताना मी तिच्यासोबत घरात शिरले. "रडलीस ना नीट?" ग्वांग-इलने विचारलं.

"रडले."

"तोंड दिसणार?"

"दिसेल," असं म्हणत तिने त्याला कुशीवर वळवलं.

पुढच्या शरदात गावच्या सभागृहात सिनेमा दाखवला. ग्वांग-इलला आम्ही चाकांच्या खुर्चीतून नेलं. तो प्रसंग आला आणि मुळेवालीचा चेहरा पडदाभर पसरला. माक-सून मांडीवरच्या पिशवीकडे बघत बसली. ग्वांग-इलची नजर मुळेवालीच्या मागे, गर्दीतून फिरत होती. आयुष्यभर आरशातून मागचं बघितलेला माणूस तो. शेवटच्या रांगेत त्याला बायको सापडली, आणि तिचे हातही.

"अगं," तो म्हणाला, "तुझा राजा अजून मेलेला दिसत नाही."

"हळू बोला, लोक बघतायत," असं म्हणून तिने त्याच्या गुडघ्यांवरची शाल सारखी केली.

त्या थंडीत तो गेला. इस्पितळाच्या शोकगृहात मी तिच्याशेजारी उभी होते. भेटायला येणारे थांबत नव्हते. छूही आला, काळ्या कोटात. प्रत्येकासमोर ती वाकत होती, डावा हात वर. कोणाला सांगावं लागलं नाही.

दुपारी माणसं जरा पांगली. तिने हात सोडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "आता जरा बसू का?"