एदमेसाठी तळघरात

लामेक बेटावरच्या रिंकमध्ये उलीस कोर्मियेने एकतीस हिवाळे बर्फ घातला. पोरांनी हॉकी खेळून खरवडलेला बर्फ पुन्हा आरशासारखा करायचा आणि खालच्या नळ्यांतलं खारं पाणी नीट गार आहे की नाही हे यंत्राच्या आवाजावरून ओळखायचं, हे त्याचं काम. तो निवृत्त झाला तेव्हा गुडघे पार झिजले होते आणि बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. मग तो थोरल्या बहिणीकडे, एदमेकडे राहायला आला.

एदमेने लग्न केलं नव्हतं. तिने जन्मभर शाळेत फ्रेंच व्याकरण शिकवलं. अर्धं बेट अजूनही तिच्यासमोर जपून बोलायचं. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार होता. पाय केव्हाच गेले होते, पण गेलेल्या पायांनी गप्प पडावं तर तेही नाही. दिवसातून पाच-सहा वेळा पोटऱ्या लाकडासारख्या ताठ व्हायच्या, गुडघे छातीकडे ओढले जायचे आणि एदमे उशीचं टोक दातांत धरायची. गोळ्यांनी पेटके थांबायचे, पण मग दिवसभर ती नुसती पेंगायची, बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून द्यायची. असं अर्धं वाक्य तिला पायांपेक्षाही जास्त लागायचं.

शेवटी डॉक्टरांनी गांजाच्या तेलाची चिठ्ठी दिली. टपालाने तेल यायचं, पण तिला मानवलेलं वाण त्या वर्षी सारखं संपायचं आणि दुसरं घेतलं की पेटके परत यायचे. तेव्हा उलीस म्हणाला, मी घरीच लावतो. कायद्यात तशी सोय होती. औषध तिच्या नावावर, झाडं वाढवणारा तो. अर्ज दोनदा परत आला, कारण त्याची सही चौकटीबाहेर जात होती. तिसऱ्यांदा एदमेने त्याला शेजारी बसवून सही गिरवायला लावली.

"सात वर्षांचा असतानाही तू असाच लिहायचास," ती म्हणाली.

तळघरात वडील हेरिंग माशांची पिंपं ठेवत. ती जागा उलीसने रिकामी केली. भिंतींना आधी जाड फोम लावला, मग पांढरं प्लास्टिक. दिव्यांसाठी वायरमनकडून वेगळी लाइन ओढून घेतली. वास बाहेर जाऊ नये म्हणून छताला कोळशाची मोठी गाळणी टांगली, दाराला दोन कुलपं. माती नकोच होती, कारण मातीबरोबर किडे येतात. झाडं पाण्यावरच वाढणार, मुळं झाकणाखालच्या अंधारात लोंबणार आणि पंप त्यांच्यापर्यंत खताचं पाणी आणि हवा पोचवणार. सगळं त्याने एकट्याने केलं. पूर्ण व्हायला सप्टेंबर ते जानेवारी गेला. गुडघ्यांवर बसून नळ्या जोडल्या की उठताना भिंतीला धरून उठावं लागायचं.

एकदम औषधाची झाडं लावायची त्याला भीती वाटली. म्हणून आधी लेट्यूस लावला. तो इतका माजला की दोघं पाच आठवडे तोच खात होते.

"आता सशासारखे कान वाढले की मला पिंजऱ्यात ठेव," एदमे म्हणाली. पण खायची.

मग खरी झाडं लावली. महिनाभर ती तरारली आणि एका आठवड्यात माना टाकल्या. झाकण उचललं तर पांढरी असायला हवी होती ती मुळं तपकिरी, बुळबुळीत झालेली, आणि कुजक्या कोबीसारखा वास. दिव्यांच्या उष्णतेने टाकीतलं पाणी कोमट झालं होतं. जन्मभर पाणी गार ठेवणाऱ्या माणसाच्या ते लक्षात आलं नव्हतं. उलीस पालथ्या बादलीवर किती वेळ बसला कोण जाणे. दोन दिवस त्याने वर काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी एदमेच म्हणाली, "मेली ना?" तो हो म्हणाला. ती म्हणाली, बरं, आता पाणी गार कर आणि पुन्हा लाव.

मासेमारीच्या एका जुन्या होडीतलं पाणी थंड करायचं यंत्र त्याने काढून आणलं आणि टाकीला जोडलं. पुढचं पीक आलं. फुलं वाळवली, सांगितल्याप्रमाणे तेल काढलं आणि एदमे चमच्याच्या टोकावर ते घेऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात पेटके दिवसातून एकावर आले. पुढच्या वर्षी मे महिन्यात एका रविवारी तिने फ्रिकोचा, कोंबडीच्या रश्शाचा, वाडगा स्वतःच्या हाताने संपवला आणि रस्सा फार पातळ झालाय, असं अखंड वाक्य बोलून दाखवलं. उलीस मोरीशी जाऊन उगाच भांडी घासत उभा राहिला.

इथवर सगळं बरंच होतं. पण झाडांना सुट्टी माहीत नसते. सकाळी पाणी तपासायचं, दुपारी पानं, संध्याकाळी दिवे, झोपायच्या आधी पंपाचा आवाज. दिवसाला चार फेऱ्या, फेरीला तेरा पायऱ्या खाली, तेरा वर. शेजारच्या फिदेलने, माझाही खांदा दुखतो रे, म्हणून जरा तेल मागून पाहिलं. उलीसने नाही म्हटलं, कारण परवाना बहिणीपुरताच होता. फिदेल हसला. पण त्या हिवाळ्यापासून बर्फ काढणारा त्याचा ट्रॅक्टर यांचं अंगण सोडून पुढे जाऊ लागला. मग फावडंही उलीसच्याच हातात आलं.

उलीसची मुलगी मिरेय मॉन्क्टन शहरात राहायची. तीन वर्षं तो तिच्याकडे गेला नव्हता. नातीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला जायचं पक्कं ठरलं होतं, सूटही इस्त्री करून ठेवला होता. आदल्या दिवशी गोठत्या पावसाने तारा तोडल्या आणि बेटावरची वीज गेली. दोन दिवस उलीस तळघरात टॉर्च लावून मगाने टाकीतलं पाणी वर उचलून पुन्हा ओतत होता, मुळांना हवा मिळावी म्हणून. झाडं वाचली. नातीचा पांढऱ्या झग्यातला फोटो नंतर टपालाने आला.

एदमेने तो फोटो बराच वेळ हातात धरला.

दीड महिन्याने, दुपारच्या चहाला, ती म्हणाली, "दार लावून घे आणि बस. पाच आठवडे झाले, मी तुझं तेल घेत नाहीये."

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिने सांगितलं. तिला मानवणारं वाण आता टपालाने नियमित मिळत होतं. रोज सकाळी येणाऱ्या मदतनीस जोसेलीनकरवी तिने ते मागवलं होतं. उलीसने आणलेला चमचा ती रुमालात पुसत होती.

"आणि पेटके?"

"येतात. टपालाच्या तेलाने दिवसातून दोनदा, कधी तीनदा. मला चालतील."

"मग मी खाली कुणासाठी मरत होतो?" आवाज चढला तसा तो स्वतःच दचकला.

"माझ्यासाठीच. मला इथून दिसत काही नाही, उलीस, पण ऐकू येतं. आधी तू एका दमात वर यायचास. आता चौथ्या पायरीवर थांबतोस, मग नवव्या. नवव्या पायरीवर तू इतका वेळ थांबतोस की मी श्वास धरून असते. मला पेटके परवडले, ते परवडत नाही."

तो उठून बाहेर गेला. साफ केलेल्याच वाटेवर फावडं मारत राहिला. दोन दिवस तिच्याशी मोजकंच बोलला. एवढं सगळं करून घेतलं आणि रुमालात पुसलं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. पण तिसऱ्या दिवशी सकाळी खाली जाताना त्याने स्वतःच कान दिला, आणि वर येताना कुठे कुठे थांबतो ते त्यालाही कळलं.

उभं पीक त्याने टाकून दिलं नाही. पिकू दिलं, कापलं, वाळवलं. मग कचेरीला पत्र लिहून परवाना परत केला. सही चौकटीत आली. दिवे काढले, नळ्या धुतल्या, प्लास्टिक सोलून काढलं. उभारायला पाच महिने लागले होते. उतरवायला चार दिवस पुरले. शेवटी पंपाचं बटण बंद केलं तेव्हा घर इतकं गप्प झालं की एदमेने वरून विचारलं, "आहेस ना रे?"

जूनमध्ये तो मिरेयकडे चार दिवस गेला. त्यातला बहुतेक वेळ सोफ्यावर झोपून काढला. मिरेयला काळजी वाटली, डॉक्टरला दाखवू या म्हणाली. तो म्हणाला, काही नाही गं, नुसता दमलोय.

परत आला तेव्हा चार दिवस एदमेपाशी राहिलेल्या जोसेलीनने त्याला दाराशीच गाठून हळूच सांगितलं, गुरुवार फार वाईट गेला, सहा वेळा पेटके आले. एदमेने आतून हाक मारली. त्याने चार दिवस कसे गेले म्हणून विचारताच ती म्हणाली, छान, शांत. तिचा खालचा ओठ दाताने चावून सुजला होता. उलीसने तो पाहिला. बॅग तिथेच ठेवून तो पलंगाच्या कडेला बसला, पांघरूण बाजूला केलं आणि तिची डावी पोटरी दोन्ही हातांत घेऊन चोळू लागला. ती म्हणाली, तुझे हात गार आहेत. तो म्हणाला, होतील गरम.