चुंबक चिकटत नाही

पाण्यावर गाडी चालवायला निघालेली माणसं मी जितकी पाहिली तितकी क्वचितच कुणी पाहिली असतील. पाण्यावर चाललेली गाडी मात्र अजून एकही पाहिलेली नाही. पण माणसं यायची. भिवंडीतल्या आमच्या गाळ्याच्या दारात उभी राहून मोबाइल माझ्या नाकासमोर धरायची. त्यात कुणीतरी बरणीतल्या पाण्यातून बुडबुडे काढून दाखवत असायचा. तशाच स्टीलच्या प्लेटा हव्यात, सोळा नाहीतर वीस, तळहाताएवढ्या, एका कोपऱ्याला भोक पाडून, असं सांगायची आणि अख्ख्या देशाचं डिझेल वाचवायला निघाल्यासारखा चेहरा करून उभी राहायची.

आमचा गाळा मुळात कापड विणायच्या लूमचे पत्र्याचे सुटे भाग कापणारा. लूम एकेक करून भंगारात निघाले, नवऱ्याचे गुडघे गेले आणि गाळ्यात मी बसायला लागले. त्याच सुमारास जवळची एक डाईंग बंद पडली आणि तिची कापड रंगवायची मोठी टाकी आम्ही भंगारात घेतली. डाईंगमधलं केमिकल इतकं जहाल असतं की साधं स्टील त्यात टिकत नाही, म्हणून ती टाकी ३१६ नंबरच्या स्टीलची होती. बाजारात हा नंबर खानदानी समजतात. टाकी किलोवर विकायच्या बेतात होतो, तेवढ्यात पहिला टेम्पोवाला मोबाइल घेऊन आला. त्याला नेमकं हेच स्टील हवं होतं. त्याने चौघांना सांगितलं, चौघांनी आणखी कुणाकुणाला, आणि सहा महिन्यांत मी हायड्रोजनवाली काकी झाले.

प्रकार असा. पोटॅश घातलेल्या पाण्यात प्लेटा उभ्या करायच्या, गाडीच्या बॅटरीचा करंट सोडायचा, की पाण्यातून हायड्रोजन निघतो. तो नळीने इंजिनात सोडला की म्हणे डिझेल कमी लागतं. या सगळ्या जोडणीला किट म्हणायचं. मी एकदा त्या टेम्पोवाल्याला विचारलं, बॅटरी कशावर चार्ज होते? इंजिनवर, म्हणाला. आणि इंजिन कशावर चालतं? डिझेलवर. मग त्याने मोबाइल खिशात घातला आणि म्हणाला, काकी, तुम्ही प्लेटा द्या. त्यानंतर मी कुणाला काही विचारलं नाही. गिऱ्हाइकाला शहाणं करून सोडलं तर विकायचं कुणाला?

त्या टेम्पोवाल्याचं मायलेज वाढलं, हे मात्र खरं. किट बसवल्यापासून बरणीतल्या बुडबुड्यांवर एक डोळा ठेवून तो गाडी इतकी सावकाश हाकायचा की मागचे ट्रकवाले त्याच्या खानदानाची चौकशी करायचे. दुसरा एक गोडाऊनमालक होता. भातशेतीवर गोडाऊन उभं राहिल्यापासून त्याला सकाळी उठायचंही कारण उरलं नव्हतं. त्याने मोटारसायकलला किट बसवलं आणि त्यात अकलोलीच्या गरम कुंडाचं पाणी ओतलं. त्याचं म्हणणं, हे पाणी आधीच तापलेलं, त्यात गंधक, वर वज्रेश्वरीच्या देवीची कृपा, म्हणजे अर्धं काम जमिनीनेच करून दिलेलं. कॅनमधून घरी येईपर्यंत ते पाणी गार व्हायचं, ही गोष्ट त्याने मनावर घेतली नाही. आठवड्याभरात प्लेटांवर पांढरी पुटं चढली. तो गाळ्यात येऊन मला म्हणाला, "काकी, हायड्रोजन न्हाय निघत." तेव्हापासून आमच्याकडे त्या गॅसचं नाव न्हायड्रोजन पडलं.

इथल्या बाजारात स्टील ओळखायची एकच रीत. प्रत्येकाच्या खिशात चुंबकाचा तुकडा असतो. चिकटला तर माल हलका, नाही चिकटला तर असली. कागद नको, तपासणी नको. आता गंमत अशी की किचन ट्रॉलीला वापरतात त्या २०२ नंबरच्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही. विकणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं आणि घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. त्यात टाकीच्या खऱ्या प्लेटा दिसायला मळकट, जरा बाक आलेल्या, कुठे निळ्या रंगाचा डाग. गिऱ्हाइकं नाकं मुरडायची, चकचकीत द्या म्हणायची. टाकी संपत आली तेव्हा मी २०२चा चकचकीत पत्रा आणला. आमचा कटिंगचा कारागीर वीस वर्षं आमच्याकडे आहे. पत्र्याकडे एकदा, माझ्याकडे एकदा बघून तो एवढंच बोलला, "भाभी, चुंबक तो नहीं चिपकेगा." गिऱ्हाइकं खूश झाली. काकींकडे हल्ली माल सुधारलाय म्हणाली.

मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर अजिबात नाही. ज्याची गाडी पाण्यावर चालणारच नाही त्याला खरी प्लेट दिली काय नि खोटी दिली काय. मूर्खपणाची थोडी फी लावतेय, असं मी मनाशी म्हणायचे. टाकीचं जाडजूड गोल झाकण तेवढं उरलं होतं. ते विटांवर ठेवून त्यावर आम्ही चहाचा स्टोव्ह मांडला होता.

मग सर आले.

सर म्हणजे आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर. अंजूरचे, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेले. वर्गात पुस्तकातली मराठी बोलायचे आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की गावची. जेवढं घालू त्याहून जास्त कुठूनच निघत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. टेम्पोवाल्याला मी विचारलेला प्रश्न मुळात त्यांचाच. त्यांना दारात बघून माझा विश्वासच बसेना. सर, तुम्हीसुद्धा? असं मी म्हणूनही गेले. ते हसले. गाडी चालवायला नकोय मला, इतका अजून बिघडलो नाही, म्हणाले. मुलाच्या गोडाऊनच्या पत्र्यावर सोलर पॅनल होते. दुपारची जास्तीची वीज पाण्यात सोडून थोडा हायड्रोजन काढायचा आणि संध्याकाळी त्यावर एक कप चहा करायचा, एवढंच त्यांना करायचं होतं. मिळेल ते कमीच मिळणार, पण किती कमी ते मला मोजायचंय, असं म्हणून त्यांनी वही उघडून दाखवली. मोजायचंय म्हणणारं माझ्याकडे आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक.

मग त्यांनी विचारलं, "३१६च आहेत ना गं?"

गाळ्यात तेव्हा तीन गिऱ्हाइकं उभी होती. तिघांच्या हातात माझ्याच चकचकीत प्लेटा, शिवाय चुंबक. नाही म्हटलं असतं तर तिघांनी ऐकलं असतं. मी हो म्हटलं. तिघांतल्या एकाने मोठ्या अगत्याने आपला चुंबक सरांपुढे धरला. सरांनी तो घेतला नाही. "तू सांगतेस ना, मग झालं," म्हणाले, प्लेटा पिशवीत घातल्या आणि अंजूरच्या रिक्षात बसायला गेले. नंतर बदलून देऊ, असं मी ठरवलं. टाकीचं ३१६चं झाकण होतंच, माझ्या चहाच्या स्टोव्हखाली. पण रोज चहा करायचा असतो, नंतर काही लवकर आलं नाही.

दोनएक महिन्यांनी सर परत आले. प्लेटा धुऊन पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या होत्या. घासल्या तर दुसऱ्या कुणाच्या कामी येतील, पैसे नकोत, म्हणाले. प्लेटांच्या कडा खाल्लेल्या होत्या आणि मधे तपकिरी डाग. मी त्यांना आत बसवलं. पहिल्या वेळी बरणीतलं पाणी कोऱ्या चहासारखं झालं, असं त्यांनी सांगितलं. पोटॅश जास्त पडलं असेल म्हणून ओतून टाकलं आणि पुन्हा मोजून घातलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. ३१६ असताना एवढं होणार नाही, म्हणजे मापातच चूक, असं त्यांनी ठरवलं. हल्ली चष्मा ठेवलेली जागा त्यांना आठवत नव्हती, एकदा घरातला गॅस चालू राहिला होता, आणि वर हे. मुलाने ठाण्याला डोक्याच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली होती. प्रयोगाची खोलीही रिकामी करायला सांगितली होती. हे सगळं सर गावच्या बोलीत सांगत होते. माझ्याशी ते तशा बोलीत कधीच बोलले नव्हते आणि मला ते फार लागलं.

"प्लेटा चांगल्या हायत तुज्या," ते म्हणाले. "माजं डोकंच चालत न्हाय आता, पोरी."

"सर, प्लेटा खोट्या होत्या," मी म्हटलं. "२०२ होत्या. मला माहीत होतं."

आता ते बोलतील आणि आपण ऐकून घ्यायचं, अशी मी मनाची तयारी केली. सरांनी वही काढली. भराभर पानं उलटली, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि मान हलवली. "म्हणजे माप बरोबर होतं," ते म्हणाले, एकदम वर्गातल्या मराठीत. "तिन्ही वेळा बरोबर होतं." त्यांना इतका आनंद झाला होता की माझ्यावर रागवायचं राहूनच गेलं. पट्टीने हात लाल केले असते तर बरं झालं असतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला मी कारागिराला स्टोव्ह उतरवून झाकण कापायला सांगितलं.

मशीनचा आवाज सुरू असतानाच सरांनी मुलाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. हे त्याला सांग, म्हणाले. मी बाहेर दारात जाऊन सांगितलं. खोटा माल खरा म्हणून दिला, जाणूनबुजून दिला, तुमच्या वडिलांचं काही चुकलेलं नाही. मुलाने शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तुमचा माल सगळ्या बाजाराला माहीत आहे," तो म्हणाला. "तुमच्या प्लेटेला कधी चुंबक चिकटला नाही. बाबांचं मन राखायला तुम्ही स्वतःवर घेताय, ते कळतंय मला."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेऊन सांगितलं. जितकं सांगत गेले तितका त्याचा आवाज आणखी मऊ होत गेला. तुमच्यासारखी माणसं हल्ली राहिली नाहीत, म्हणाला. सोमवारी डॉक्टरांकडे यायला तेवढं त्यांना तयार करा, अशी विनंती करून त्याने फोन ठेवला.

आत सर झाकणाच्या प्लेटा एकेक करून पुसत होते. मळकट, निळ्या डागाच्या, खऱ्या. त्यांनी वर बघितलं.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बाबांचंच बरोबर होतं."

"तू सांगतेस ना, मग झालं," सर म्हणाले. त्यांनी प्लेटा पिशवीत घातल्या आणि अंजूरच्या रिक्षात बसायला निघून गेले.