पोटरीवरची वेणी

वालबुर्गाच्या गावात पुरुषाची पारख पोटऱ्यांवरून होते. गुडघ्यापर्यंतची चामड्याची विजार, खाली वेण्यांच्या विणीचे लांब मोजे आणि त्यात भरलेली पोटरी. ज्याची बारीक, तो बिचारा मोज्यात कापूस कोंबतो आणि कुणी पाहिलं नाही ना म्हणून इकडेतिकडे बघतो. सणाला हाच पोशाख, आणि माणूस गेला की पुरतातही ह्याच पोशाखात. डोंगरातली माणसं, हट्टी.

तिच्या नवऱ्याला, किलियानला, कधी कापूस लागला नाही. बँडमध्ये ढोल वाजवणारा गडी. त्याच्या पोटरीसाठी वालबुर्गा मोज्याच्या मागच्या बाजूला रुंद तिपेडी वेणी घालायची. लग्नापासून तेच माप, तिच्या बोटांना पाठ झालेलं.

यंदा पोटाच्या दुखण्याने त्याला आतून पोखरलं. पुढचा बर्फ काही तो पाहत नाही, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ते त्याला सांगायला तिची जीभ रेटेना. त्याची कातडीही इतकी हळवी झाली की लोकर अंगाला लागली की तो कळवळायचा. म्हणून तिने सुती मिश्रणाचा दोरा आणला. जूनच्या मिरवणुकीत देवापुढे एकदा ढोल वाजवत चालायचं, एवढंच त्याचं मागणं होतं.

तिने जुन्याच मापाने मोजे विणले. पाय मोजायचा तिला धीर झाला नाही, हेच खरं.

किलियान मोजे घालून उभा राहिला आणि दोन्ही मोजे घसरत घोट्यावर आले. लोकर निदान पायाला धरून तरी राहते, सुताला कसली माया!

"कुणाच्या नवऱ्याचं माप घेतलंस गं?"

"तुझंच."

"मग मी कुठे गेलो?"

तो स्वतःच हसला. "राहू दे. नाही येत मी मिरवणुकीला. कापूस कोंबून जाऊ की काय देवासमोर?"

दुपारी तो झोपला तेव्हा तिने हलक्या हाताने त्याच्या पोटरीभोवती दोरा गुंडाळला. जुन्या मापातला चार बोटं दोरा उरला. ती तिथेच जमिनीवर बसून रडली. मग उठून तिने मोजे उसवले, बारीक सुया घेतल्या आणि वेणीचा एक पेड काढून नव्या मापाने ते पुन्हा विणले. त्याला वाटलं, ती शेजारणीसाठी काहीतरी विणतेय.

मिरवणुकीच्या सकाळी "एकदा घालून तर बघ" म्हणत तिने मोजे पुढे केले, आणि ते पायाला घट्ट बसले. किलियानने पोटरीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. तेवढ्यात कुंपणापलीकडून आफ्रा शेजारीण ओरडली, "अगंबाई, किलियान! पोटऱ्या परत आल्या की तुझ्या!"

तो चर्चपर्यंत चालला. मध्ये दोनदा ढोल दुसऱ्याच्या गळ्यात द्यावा लागला, पण घरी आला तो तोंडभर हसत.

"बघितलंस ना? घसरले नाहीत. भरतायत पोटऱ्या. मी बरा होतोय, वाले!"

वालबुर्गाला वाटलं, आत्ता सांगावं. त्याचा चेहरा पाहून तिचा धीर सुटला.

"हिवाळ्यासाठी लोकरीचे घे विणायला," तो म्हणाला. "जुन्या मापाचे. तिपेडी वेणीचे."

"लोकर टोचते ना तुला?"

"तोवर नाही टोचणार."

"नाही टोचणार," ती म्हणाली, आणि लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन जुन्या मापाचे टाके सुईवर घालू लागली.