लेसची शाल आणि न पोचलेली हाक

माझ्या साडूने मला फसवलं. इटलीतल्या समुद्रकाठच्या एका चिमूटभर गावात, भर दुपारी, हसतमुखाने फसवलं. गावातल्या कोणीही मला फसवलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नातेवाइकांत आणि न्यू जर्सीच्या मित्रमंडळींत ही गोष्ट इतकी वर्षं उलटी सांगितली जाते, आणि लोक पोट धरून हसतात.

ऐंशीच्या दशकात जर्सी सिटीत माझं दुकान होतं. भारतात चालतील अशा दोनशेवीस व्होल्टच्या वस्तू आणि मोठाल्या बॅगा. मिक्सर, इस्त्री, व्हीसीआर, कॅसेट प्लेअर. भारतात निघालेला माणूस आधी माझ्याकडे येई आणि मग विमानतळावर जाई. हे दुकान मला कोणी आंदण दिलेलं नव्हतं. दुसऱ्यांच्या गोदामात खोकी उचलून, पाठीचा काटा ढिला करून ते उभं केलं होतं. त्यामुळे वस्तू काय किमतीला येते आणि काय किमतीला जाऊ शकते, हे मला तिच्याकडे बघूनच कळायचं. भाव करणं म्हणजे चिक्कूपणा, असं ज्यांना वाटतं त्यांनी आयुष्यात कधी काही विकलेलं नसतं.

माझी पद्धत साधी होती. आपला शेवटचा आकडा सांगायचा, वस्तू नीट घडी करून जागेवर ठेवायची आणि पाठ फिरवून चालू लागायचं. मागे बघायचं नाही. बघितलं की संपलं. थोड्या वेळाने मागून हाक येते. मी स्वतः काउंटरच्या पलीकडून अशा कितीतरी हाका मारल्या आहेत, म्हणून सांगतो. यात बायकोचंही काम ठरलेलं असे. मी आकडा सांगितला की तिने नाक मुरडून म्हणायचं, "रंग बरा नाही," आणि माझ्या आधी निघायचं. हे ती फार सुंदर करी. चारचौघांत ती म्हणायची, "यांची पाठ फिरली की हाक येतेच." लग्नानंतर माझ्याबद्दल तिने लोकांसमोर काढलेला हा एकच चांगला उद्गार, त्यामुळे मी तो जपून ठेवला होता.

आता साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, डॉक्टर. आम्ही सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतो आणि ते मला शेठ म्हणतात. मी त्यांना मानाने म्हणतो, ते मला कसं म्हणतात ते तुम्ही ठरवा. पेनसिल्व्हेनियात मोठं घर, घराला तळघर, तळघरात भिंतभर पडदा आणि स्लाइड प्रोजेक्टर. "आम्हाला बुवा भाव करता येत नाही," हे वाक्य ते असं म्हणत, जणू आपल्याला खोटंच बोलता येत नाही. मात्र माझ्या दुकानात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य, "शेठ, घरचा भाव लावा हं."

धाकट्या मेहुण्याचं लग्न नागपूरला, ऐन मे महिन्यात ठरलं. आम्ही दोन्ही जोडपी बरोबर निघालो. डॉक्टर म्हणाले, "नुसतं इंडियाला काय जायचं यार, वाटेत इटली करू." बॅगा माझ्या दुकानातून घरच्या भावाने गेल्या आणि आम्ही इटली करायला निघालो. तिथल्या हॉटेलवाल्याने सांगितलं की बोटीने गेलं तर दिवसभरात बघून होईल असं एक गाव आहे, मोठमोठे लोक तिथे येतात. डॉक्टरांनी मान हलवली. मोठमोठ्या लोकांत आपण तेवढे कमी होतो.

गाव म्हणजे काय, वळलेला एक धक्का, त्याला लागून गुलाबी-पिवळ्या घरांची ओळ, आणि पाण्यात श्रीमंतांच्या पांढऱ्या बोटी. कोळ्यांचं जुनं गाव, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. मला कोळी दिसला नाही. जिथे कधीकाळी जाळी ठेवत असतील तिथे आता काचेमागे एकेकटी पर्स ठेवलेली होती, आणि एकीवरही किंमत नव्हती. मी दुकानदार आहे. किंमत न लिहिण्याचा अर्थ मला कळतो. विचारावं लागलं तर तुमचं काम नाही, असा तो अर्थ.

डॉक्टर तडक पाण्याला लागून मांडलेल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि कॉफी मागवली. मी आत जाऊन चौकशी केली. बसून प्यायची कॉफी आणि उभ्याने प्यायची कॉफी यांच्या किमतीत इतकं अंतर होतं की मला त्या कॉफीवाल्याबद्दल आदर वाटला. मी आणि बायकोने आत उभ्याने कॉफी घेतली आणि मग डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभे राहिलो.

"शेठ, बसा हो. लोक बघतायत."

"तुम्ही खुर्चीचे पैसे दिलेत डॉक्टर. समुद्र फुकट आहे, तो मी उभ्याने बघतो."

ताई, म्हणजे थोरली बहीण, हसली. डॉक्टर हसले नाहीत.

जेवायला आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर बसलो. बायकोने जर्सी सिटीहून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फॉइलमध्ये बांधून आणली होती. डॉक्टर म्हणाले, "इथे हे काढू नका प्लीज, लसणाचा वास पसरतो." मग फॉइल उघडलं, आणि थोड्या वेळाने ताई म्हणाली, "अहो, जरा इतरांनाही राहू द्या."

तिथून उतरताना ते दुकान लागलं. दारात एक बाई बसली होती. मांडीवर गच्च भरलेली उशी, उशीत टाचण्या खोचलेल्या, आणि दोरा गुंडाळलेल्या लाकडी कांड्या ती इकडून तिकडे टाकत होती. कांड्यांचा खुळखुळ आवाज होई आणि टाचण्यांभोवती लेस तयार होई. तिच्या मागे आत एक शाल टांगलेली होती. पांढरी, काठाला बारीक वेल. बायको थांबली. तिने ती शाल खांद्यावर घेतली, आणि आरशात बघत राहिली.

माझी बायको दुकानात काही मागणारी बाई नव्हे. मीच तिला अमुक घे, तमुक घे म्हणायचो आणि तिला ते नको असायचं. त्या दिवशी तिने शाल खांद्यावरून उतरवायला वेळ लावला. मला एवढं पुरेसं होतं. भावाच्या लग्नात ती हीच शाल घेणार, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

बाईने किंमत कागदावर लिहिली. लिऱ्यांची शून्यं कागदाच्या कडेपर्यंत गेली. मी खिशातून माझा कॅल्क्युलेटर काढला, निम्मा आकडा केला आणि तिला दाखवला. ती हसली आणि मान हलवली. मला ते आवडलं. रागावलेला दुकानदार भाव सोडत नाही, हसणारा सोडतो. थोडं पुढेमागे झालं, मी निम्म्याच्या किंचित वर येऊन थांबलो. बायकोने अगदी वेळेवर नाक मुरडलं. "रंग बरा नाही." पांढऱ्याचा रंग काय बरा नसणार, पण तिने म्हटलं.

आता निघायचं, तर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेठ, चौघं एकदम निघालो तर नाटक वाटेल. तुम्ही दोघं बोटीकडे चला. आम्ही समोर पोस्टकार्डं बघत उभे राहतो. तिने बोलावलंच तर मी धावत येतो तुम्हाला न्यायला."

मला कौतुक वाटलं. इतक्या वर्षांत डॉक्टरांनी पहिल्यांदा धंद्यातलं काही बोलून दाखवलं होतं. मी शाल घडी करून ठेवली, पाठ फिरवली आणि चालू लागलो. धक्का पुढे वळतो, त्या वळणाआड गेलो. मागे बघितलं नाही. बायकोनेही बघितलं नाही, ती तयार झालेली होती. बोटीच्या जागी बाकावर बसलो.

"येईल ना हो हाक?" ती म्हणाली.

"येणार. ती हसली होती."

बोटीने भोंगा दिला तेव्हा डॉक्टर आणि ताई आले. डॉक्टरांच्या हातात पोस्टकार्डांची कागदी पिशवी, खांद्याला कॅमेऱ्याची भली मोठी बॅग.

"काय झालं?" ताई पुढे होऊन बोटीत चढली तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं.

"काही नाही शेठ. ती आपली उशी घेऊन परत बसली. इथे नाही चालत आपलं देशी."

मी उठलो. सांगितलेली पूर्ण किंमत द्यायला उठलो, ही गोष्ट कोणी सांगत नाही. पण बोटीचा दोर सोडत होते, आणि बायको म्हणाली, "राहू द्या." नंतर बोटीत ती माझ्याशेजारी बसली होती आणि गावाकडे बघत होती. मीही बघत होतो. लांबून ते गाव अगदी स्वस्त दिसत होतं.

नागपूरला लग्नाच्या दिवशी कार्यालयात कूलर घोंघावत होते, भटजी टॉवेलने मान पुसत होते, आणि अशा मे महिन्यात ताई पैठणीवर शाल घेऊन आली. पांढरी, काठाला बारीक वेल. बायका तिच्याभोवती जमल्या. माझ्या बायकोने काठ बोटांनी चाचपून बघितला.

"आवडली, घेतली," डॉक्टर इकडे पुरुषांच्या घोळक्यात मला म्हणाले. "सांगितले तेवढे पैसे दिले. आम्हाला बुवा भाव करता येत नाही."

मी गप्प बसलो. भित्रा म्हणून नाही. पूर्ण किंमत देऊन जो घेतो त्याची वस्तू, हा व्यापाराचा नियम आहे आणि तो मी पाळतो. मला राग एवढाच होता की त्यांनी ती कॅमेऱ्याच्या बॅगेत लपवून आणली. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीला साड्या घ्यायला गेलो, तर दुकानाच्या पायरीशी बायको म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा, मी घेऊन येते." ती आत गेली, सांगतील ते पैसे देऊन आली, आणि पिशवी माझ्या हातात दिली. पुढेही असंच चाललं. जर्सी सिटीत, सगळीकडे. "तुम्ही गाडीत बसा." तो जुना उद्गार तिने परत कधी काढला नाही. हाक येते यावरचा तिचा विश्वासच उडाला होता.

थंडी सुरू होताना डॉक्टरांनी तळघरात इटलीच्या स्लाइडचा कार्यक्रम ठेवला. पंधरा-वीस मराठी मंडळी, चिवडा, अंधार. एका स्लाइडवर मी होतो. धक्क्यावरून चाललेली माझी पाठ.

"आणि हे आमचे शेठ," डॉक्टर म्हणाले. "हाकेची वाट बघत बघत निघालेत. अजून आलेली नाही."

सगळे हसले. मी उठून वर स्वयंपाकघरात गेलो. बायको कप मांडत होती, ताई चहात आलं किसून टाकत होती.

"मनावर घेऊ नका भाऊजी," ताई म्हणाली. "त्यांची थट्टा करायची सवयच आहे. खरं म्हणजे शाल तुमच्यामुळेच मिळाली."

"माझ्यामुळे?"

"मग! तुम्ही वळलात आणि ती बाई शाल घेऊन धावतच बाहेर आली. हाका मारत होती. तुम्ही सांगितलेल्या आकड्यालाच दिली तिने. हे म्हणाले, त्यांना नकोय, धाकटीला रंग आवडला नाही, तूच घे." मग तिने आमच्याकडे बघितलं. "तुम्हाला सांगितलं होतं ना यांनी?"

बायकोच्या हातातला कप तसाच राहिला. आलं किसायचं थांबलं.

मी खाली गेलो. थेट पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो, आणि ते गाव, घरं, बोटी, सगळं माझ्या शर्टावर पडलं. "बंद करा हे," मी ओरडलो. "डॉक्टर, त्या दिवशी काय झालं ते सांगा सगळ्यांना."

"काय शेठ," अंधारातून आवाज आला, "आता स्लाइडचाही भाव करणार?"

पुन्हा हशा. मी बोलणारच होतो, पण जिन्यावर ताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता. तिच्या मागून बायको म्हणाली, "घरी चला." मी घरी आलो. गाडीत ती म्हणाली, "ताईसाठी गप्प बसा." म्हणून मी गप्प बसलो. एक-दोन वर्षं नव्हे, डॉक्टरांचे केस पांढरे होईपर्यंत. या काळात निम्म्या किमतीची शाल पूर्ण किमतीची म्हणून मिरवली गेली, आणि ती निम्म्यावर आणणारा माणूस थट्टेचा विषय झाला.

आता डॉक्टर निवृत्त होतायत. मोठा समारंभ आहे. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "शेठ, तुम्ही दोन शब्द बोलायचेच. आणि हो, तो हॉलवाला फार मागतोय. जरा भाव करून द्या ना."

मी गेलो. आकडा सांगितला, कागद त्याच्या टेबलावर नीट ठेवला आणि पाठ फिरवली. पार्किंगमध्ये गाडीच्या दारापर्यंत पोचलो होतो तेव्हा हॉलवाला हाका मारत धावत आला. बायको गाडीत बसलेली होती. तिने सगळं बघितलं. वाटेत भाजीच्या दुकानाशी ती म्हणाली, "चला, तुम्हीपण आत चला."

ताईला मी फोन करून आधी विचारलं आहे. ती म्हणाली, "बोला भाऊजी. मलाही त्यांनी खोटंच सांगितलं होतं."

तेव्हा डॉक्टर, माझे दोन शब्द कोणते ते आधीच कळवून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी अंधार करायला नको. शाल तुमच्याकडे राहू द्या. पैसेही नकोत. पण ती हाक माझी होती. ती बाई हातात शाल घेऊन धक्क्यावर ओरडत होती आणि तुम्ही मला न्यायला धावत येणार होतात. का आला नाहीत? समारंभात माईक आधी तुमच्या हातात येईल. दिवे चालू असतील. माझी बायको पहिल्या रांगेत बसलेली असेल. तिच्याकडे बघून उत्तर द्या.