जेजुरीसाठी जपलेले बूट

त्या दुपारी मी माझ्या खंडोबाशी कडाकडा भांडले, तेही बँकॉकमधल्या बुद्धाच्या देवळात बसून. देवळाबाहेर काढलेले माझे बूट नाहीसे झाले होते.

कुणी म्हणेल, गेले तर दुसरे घ्यावेत. पण लहानपणच्या आजारात माझा डावा पाय आखूड राहिला आणि सारा जन्म मी लंगडत काढला. लग्नानंतर जेजुरीला यांनी रिवाजाप्रमाणे मला उचलून पाच पायऱ्या चढवल्या आणि धापा टाकत तिथेच बसवलं. पुढे दरवेळी घरचे गडावर जायचे, मी पायथ्याशी पिशव्या सांभाळायची. भंडाऱ्याने पिवळे झालेले चेहरे खाली आले की हसून विचारायची, "झालं का छान दर्शन?" आत काय व्हायचं ते माझं मला ठाऊक.

हे गेल्यावर मी लेकीकडे परदेशी, पामर्स्टन नॉर्थला आले. तिथे तिने माझ्यासाठी डावा तळ उंच असलेले बूट खास करवून घेतले. ते घालून मी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला निघाले आणि सरळ चालता येतंय म्हणून भर रस्त्यात रडले. तिथेच नवस बोलले, की खंडोबा, तुझ्या साऱ्या पायऱ्या चढेन आणि कुणाचा हात धरणार नाही.

नवस फेडायला भारतात जाताना लेकीने स्वस्तातलं तिकीट काढलं, वाटेत बँकॉकचा मुक्काम. "आई, बॅकपॅकर्सच्या स्वस्त हॉस्टेलमध्ये राहू, हीप्स, ढीगभर बघण्यासारखं आहे, मजा येईल!" मजा म्हणजे काय, तर खोलीत फक्त वरचे बंक रिकामे होते आणि लेक मला खालून ढकलत शिडी चढवत होती. सकाळी चुकीच्या बोटीत बसून नदीच्या भलत्याच काठाला उतरलो. मग पावसाने सॅकसकट सगळे कपडे भिजवले. बूट तेवढे मी उशाशी घेऊन झोपत होते आणि नेमके तेच देवळाबाहेरच्या चपलांच्या ढिगातून गेले.

"देवळातून चप्पल गेली की पीडा जाते, तूच म्हणतेस ना?" लेक मला हसवायला म्हणाली.

"पीडा नाही, माझे पाय गेले!" मी खेकसले. ती बिचारी शोधायला गेली. मी खांबाला टेकून देवाला सुनावत बसले. एवढ्या वर्षांनी पाय दिलेस, ते तुझ्या दाराशी येताना काढून घ्यायला?

तेवढ्यात अंगणात माझ्याच वयाची एक बाई दिसली. पायात माझे बूट! मी ओरडणारच होते, पण ती एक पाऊल टाकून थांबे, खाली बघे, पुन्हा टाके. ते चालणं माझ्या ओळखीचं होतं. डेअरीच्या रस्त्यावर मी अशीच चालले होते.

माझ्याकडे लक्ष जाताच ती कावरीबावरी झाली. तिने बूट काढून माझ्यापुढे ठेवले, हात जोडले. बूट काढताच तिचा डावा खांदा खाली गेला. शेजारी तिच्या चपला होत्या, डावीच्या तळाला टायरचे तुकडे ठोकलेले.

मी बूट घालायला उचलले आणि तिच्या हातात दिले. का, ते आजही नीट सांगता येत नाही. मी काही इतकी उदार नाही, लेकीला विचारा. ती बाई खाली बसली आणि रडत, हसत तिने आपल्या चपला माझ्या पायांत चढवल्या.

लेक परतली ती बघतच राहिली. "आई, आर यू शुअर? आणि जेजुरी?"

"बघेल तो," मी म्हणाले.

त्याच चपलांनी मी गड चढले. पाचव्या पायरीवर यांची आठवण येऊन थबकले. चपला डुगडुगत होत्या, तेव्हा हात न धरण्याची ऐट तिथेच गळाली. एका बाजूला लेक होती, दुसऱ्या बाजूला "सावकाश, मावशी" म्हणत कुणी ना कुणी हात देत होतं. वर पोचल्यावर सगळ्यांसारख्या मीही चपला काढल्या आणि मग लक्षात आलं, ते बूट असते तरी इथे काढावेच लागले असते. खंडोबापुढे मी माझ्या आखूड पायावर, लेकीचा खांदा धरून उभी राहिले. देवा, फार उपकार झाले, एवढंच तोंडून निघालं.

आता पामर्स्टन नॉर्थला मला नवे बूट मिळालेत. ते घालताना रोज त्या बाईला मनातून नमस्कार करते. डेअरीला जाताना लेक सवयीने हात पुढे करते. पूर्वी मी तो झटकायची. आता गरज नसली तरी धरते.