तीस नंबरचं तेल

आधी इंजिनातलं तेल मोजायची डिपस्टिक फडक्याने पुसायची, परत बुडवायची, टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळायचा, नाकाजवळ न्यायचा आणि डोळे मिटून म्हणायचं, "तेल खोटं बोलत नाही." मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये भाऊंनी एवढं केलं, की समोरचा ड्रायव्हर आपण सर्व्हिसिंग कधी चुकवलं ते आपणहून सांगून टाकायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यापुढे आपल्याला उगाचच अपराधी वाटतं.

भाऊ वर्कशॉपचे प्रमुख, मी स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर. ते गुहागरकडचे, मी चिंचवडचा. कंपनीने दिलेल्या जोडघरात भाऊ-वहिनी आणि आम्ही शेजारी राहायचो आणि दोन्ही घरांपुढे मिळून हिरवळीचा एक तुकडा होता. चिंचवडला आमची शेती तुळशीच्या कुंडीपुरती. त्यामुळे मस्कतमध्ये मला एकदम जमीनदार झाल्यासारखं वाटलं आणि मी पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन घेऊन आलो. बायको म्हणाली, "एवढं गवत मी भाजीच्या कात्रीने कापलं असतं."

मशीनसोबत तेलही आणलं होतं, दुकानातलं सगळ्यात महागाचं. महाग ते चांगलं, हा माझा खरेदीचा एकमेव नियम. भाऊंनी डबा फिरवून फिरवून वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"हे थंड देशातल्या मोटारीचं तेल. आपलं इंजिन नुसत्या हवेवर गार होतं. इथल्या उन्हात हे पातळ होऊन उडून जाईल. साधं तीस नंबर आण. थांब, मीच येतो."

दुकानात बरोबर आले. चार-पाच वेळा गवत कापून झाल्यावर ते तीस नंबरही काढून टाकायला लावलं. मला हळहळ वाटली, तेल दिसायला नवंच होतं. भाऊ म्हणाले, नव्या इंजिनाचं पहिलं तेल लवकर काढायचं, त्यात लोखंडाचा चुरा उतरलेला असतो. "बाळाचं जावळ काढतात ना, तसं समज."

मशीनच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, की हिवाळ्याआधी पेट्रोल काढून मशीन गुंडाळून ठेवावं. मी जन्माचा आज्ञाधारक. डिसेंबर लागताच टाकी रिकामी केली, मशीन चादरीत बांधलं आणि कोठीत ठेवून दिलं. मस्कतमध्ये गवताला खरा बहर येतो तो नेमका तेव्हाच. पंधरवड्यात आमचं अंगण न केलेल्या दाढीसारखं दिसायला लागलं. कारण कळल्यावर भाऊ पायरीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले.

"अरे, हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या दारात बर्फ पडतो. आपला हिवाळा जूनमध्ये येतो, पोरांच्या शाळेला सुट्टी लागली की."

तेव्हापासून शुक्रवारची सुट्टीची सकाळ आमची झाली. मी कापायचो, ते पायरीवरून सूचना करायचे आणि मध्ये मध्ये म्हणायचे, "मी आहे ना." टायर पंक्चर होवो, मुलीला ताप येवो, अर्बाब, म्हणजे आमचा ओमानी मालक, चिडलेला असो, भाऊंचं उत्तर तेच. आई गेल्यापासून बाबा चिंचवडला एकटे होते. ते फोनवर खोकले, तरी रात्रभर मला झोप लागत नसे, आणि ते फक्त भाऊंना माहीत होतं.

त्याच हिवाळ्यात माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. चाकणच्या त्याच्या कंपनीत सर्व्हिस आणि स्पेअर्स दोन्ही सांभाळणारा माणूस हवा होता. चाकणहून बाबा तासाभरावर. बायको म्हणाली, जाऊ या. मी म्हणालो, भाऊंना विचारतो.

भाऊंनी मशीनची डिपस्टिक पुसून परत बसवली. मग म्हणाले, "नवं इंजिन आत्ता कुठे बसतंय आणि तू खोलायला निघालास? त्या माणसाचा नंबर दे. मी चौकशी करतो."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी निकाल दिला. कंपनी डळमळीत आहे, सहा महिन्यांत बस्तान गुंडाळेल. बाबांना थंडीत इथे बोलावून घे. "आणि मी आहे ना."

मी चाकणला नकार कळवला. बायकोने त्या दिवशी चहा फक्त स्वतःपुरता केला.

जूनमध्ये भाऊंनी मशीन झोपवलं. पेट्रोल संपेपर्यंत चालवलं, तेल बदललं, प्लग काढून आत चमचाभर तीस नंबर सोडलं आणि स्टार्टरची दोरी हळूच ओढली, ते तेल आत सगळीकडे फिरावं म्हणून. पात्याला धार लावली. वहिनींची जुनी साडी आणून त्यात गुंडाळलं. "ऑक्टोबरात पहिल्या झटक्याला चालू झालं नाही, तर माझं नाव बदल." आम्ही सुट्टीला चिंचवडला निघालो, तेव्हा विमानतळावर सोडायलाही तेच आले. बायकोला म्हणाले, "येताना थालीपीठाची भाजणी आणा."

आम्ही परतलो, तर शेजारचं घर रिकामं. भाऊंनी राजीनामा दिला होता आणि जुलैतच ते कायमचे भारतात परत गेले होते. आम्हाला वाटलं, घरी काही वाईट घडलं असेल. त्यांचा इथला नंबर बंद होता. बायकोने भाजणीचा डबा खिडकीत ठेवला, त्यांच्याकडे कुणी जाणारं निघालं तर हाताशी असावा म्हणून.

मग चाकणहून फोन आला. सहकारी खुशीत होता.

"तुम्ही मस्कतहून पाठवलेले गृहस्थ एकदम चोख निघाले हो. आले तेव्हा म्हणाले, 'त्याला यायचं नाही, त्यानेच मला पाठवलंय.' पुढच्या महिन्यात आमचं दुसरं वर्कशॉप सुरू होतंय, तेही त्यांच्याकडेच देतोय."

मी म्हणालो, "हो, चांगले आहेत ते." दुसरं काय म्हणणार? फोन ठेवल्यावर बायकोला सांगितलं. तिने खिडकीतला डबा उचलला आणि त्या रात्री आम्ही थालीपीठं खाल्ली. मुलगी म्हणाली, भाऊकाकांना आवडतात ना ही? बायकोने तिच्या ताटात आणखी एक वाढलं. त्या आठवड्यात बाबांचा फोन आला तेव्हा ते खोकत होते. मी विचारलं, तर म्हणाले, काही नाही रे, धूळ.

ऑक्टोबरात गवत वाढलं. मी कोठी उघडली आणि वहिनींची साडी सोडली. डिपस्टिक काढून तेल बोटांत चोळलं. मधासारखं स्वच्छ होतं. पेट्रोल भरलं आणि दोरी हातात घेतली. इतकं मनापासून मी आयुष्यात क्वचितच काही मागितलं असेल: हे चालू होऊ नये.

पहिल्या झटक्याला चालू झालं.